कान आणि आकडा

आकडा मोठा तो माल चांगला, ही समजूत आपल्या बाजारात आता चांगलीच मुरली आहे. कॅमेरा घ्यायचा तर किती मेगापिक्सेलचा, दूरदर्शन संच घ्यायचा तर किती इंची आणि मुलगा दहावी झाला तर किती टक्क्यांचा! माझ्यासारख्या शाळामास्तराला तर आकड्यांची जन्माची संगत. तीस वर्षे गुणपत्रकांवर सह्या करीत आलो. पंचाण्णव टक्केवाल्याला रजेचा साधा अर्ज लिहिता येत नाही आणि पंचावन्न टक्केवाला गावच्या पतसंस्थेचा ताळेबंद बिनचूक जुळवतो, हे डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे आकड्यावर माझा राग नाही. पण हा आकडा नेमका कशाचा, हे विचारल्याखेरीज मी त्याला नमस्कार करीत नाही. चोवीस कॅरेटचे सोने बावीस कॅरेटपेक्षा शुद्ध खरे, पण रोजच्या वापरातली बांगडी कोणत्या सोन्याची करायची हे सोनाराला विचारावे. तो हसून बावीसवर बोट ठेवतो.

हा आकड्यांचा प्रश्न गाण्याच्या दारातून माझ्यापुढे येईल, असे मात्र वाटले नव्हते. तो आला उणकलला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी.

हुबळीहून धारवाडकडे निघाले की शहर संपते न संपते तोच उणकल लागते. मोठा तलाव, चालुक्यांच्या काळातले चंद्रमौळेश्वराचे देऊळ, रेल्वेचे लहानसे स्टेशन आणि घरांची दाटी. याच उणकलात २०११ पासून गंगूबाई हनगल यांच्या नावाचे गुरुकुल आहे. मुले तिथे गुरूंजवळ राहून गाणे शिकतात. या भागाची मातीच सुरांची म्हणायची. सवाई गंधर्व जवळच्याच कुंदगोळचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, भीमसेन जोशी गदगचे. मराठी श्रोत्यांनी ज्यांना डोक्यावर घेतले त्या या गवयांची घरची भाषा कन्नड. सीमाभागात राहणाऱ्या आम्हा माणसांना त्यात काही नवल वाटत नाही. आमच्या घरांतही एका चुलीवर दोन भाषा शिजतात.

आमची आक्का लग्न होऊन उणकलला गेली त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली. माहेर आमचे चंदगड तालुक्यातले. लहानपणी आईच्या मांडीशी बसून तिने जात्यावरच्या ओव्या उचलल्या. पुढे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही मध्यमापर्यंत दिल्या. सासरी गेल्यावर सासूकडून बीसुकल्लिन पदे, म्हणजे तिकडची जात्यावरची कानडी गाणी, शिकली. दोन घरांचे हे धन तिच्या एकटीच्या गळ्यात साठलेले. वहीत थोडेफार उतरवलेले होते. पण ओवी वहीत ठेवणे म्हणजे फुलाची पाकळी पुस्तकात ठेवण्यासारखे. आकार राहतो, बाकीचे उडून जाते.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल. आवाजाची नस तिच्या मागूनच जाते. आम्ही सर्व काळजी घेऊ, पण आवाज अगदी पूर्वीसारखाच राहील असे लिहून देता येणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख पडली एकवीस दिवसांनंतरची. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून मी बॅग घेऊन उणकलला जाऊन राहिलो.

माझा भाचा कारखान्यात नोकरी करतो आणि रात्री घराच्या मागल्या खोलीत गाणी मुद्रित करतो. भजनी मंडळे येतात, मोबाईलवर गाणी टाकणारी हौशी मुले येतात. एक बरा माईक, आवाज संगणकात नेणारी एक पेटी, हेडफोन आणि जुना लॅपटॉप, एवढा त्याचा संसार. आईचे सगळे गाणे शस्त्रक्रियेपूर्वी मुद्रित करायचे हे त्याने ठरवलेलेच होते. अडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर.

“मामा, आईचा हा आवाज एकदाच मिळणार. मग चव्वेचाळीसवर का थांबायचं? एकशे ब्याण्णववर घेऊन सोडू की!”

हे चव्वेचाळीस आणि एकशे ब्याण्णव म्हणजे काय, ते आधी सांगतो. आवाज म्हणजे हवेचा कंप. माईक त्या कंपाची विजेची लाट करतो आणि यंत्र त्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजून आकडे लिहून ठेवते. सेकंदाला किती वेळा मोजले, तो त्या मुद्रणाचा सॅम्पल रेट. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेले असते. चित्रपट आणि दूरदर्शनच्या कामात ४८,००० ची चाल आहे. त्यापुढे ९६,००० आणि १,९२,००० ही आहेत आणि आजकाल दहा-पंधरा हजारांच्या पेटीवरही हा शेवटचा आकडा ठळक छापलेला असतो. भाच्याच्या पेटीवरही होता. पण त्या वेगाने आवाज, तानपुरा, पेटी, तबला असे पाच-सहा पदर एकत्र चालवू लागले की त्याचा जुना लॅपटॉप धापा टाकी आणि मुद्रणात मध्येच चट् चट् आवाज येई. म्हणून त्याने नवा लॅपटॉप पाहून ठेवला होता. किंमत पाऊण लाख, हप्त्याने. आणि घरी यायला पंधरा दिवस. एकवीसातून पंधरा वजा जाता उरले सहा. एवढी वजाबाकी तर मराठीच्या एम.ए.लाही येते.

आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, तुझं यंत्र येईस्तोवर माझा घसा थांबायला नको का?”

भाच्याचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. आकड्यांच्या मधली जागा रिकामी राहते, त्या फटीतून आवाज निसटतो; ठिपके जितके दाट तितकी रेघ खरी. कोणालाही पटेल असेच हे आहे. मलाही ते खोडता येईना, म्हणून मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना फोन लावला. सरांनी मलाच प्रश्न विचारला, “सर, एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले तर त्यांतून किती वर्तुळे जातात?” म्हटले, एकच. “मग चौथा बिंदू दिला तर वर्तुळ जास्त गोल होतं का?”

सारे मर्म या प्रश्नात आहे. आकृती वर्तुळच आहे हे ठाऊक असेल, तर तीन बिंदू पुरतात. मधला भाग अंदाजाने भरावा लागत नाही, तो ठरूनच जातो. आवाजाचेही तसेच. एखाद्या आवाजात अमुक मर्यादेपेक्षा जलद कंप नाहीत हे पक्के असेल आणि त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले असेल, तर त्या ठिपक्यांतून जाणारी लाट एकच असते आणि यंत्र ती जशीच्या तशी पुन्हा उभी करते. फटीतून काही निसटत नाही. हॅरी नायक्विस्ट याने १९२८ मध्ये तारायंत्राचा विचार करताना या गणिताचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये ते नीट मांडले. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ बावीस हजार कंपांपर्यंतचा आवाज सीडीत पुरता मावतो. माणसाचा कान ऐकतो तो फार तर वीस हजारांपर्यंत.

मग नेमके ४४,१०० च का? यामागे काही गहन संगीततत्त्व असेल असे मला वाटले होते. तसे काही नाही. त्या काळी आकड्यांतला आवाज साठवायला व्हिडिओ टेपचे यंत्र वापरीत. चित्राच्या एकेका रेषेवर तीन आकडे, अशा रेषा २४५ आणि सेकंदाला अशी ६० अर्धचित्रे. गुणाकार करून पाहा. आपल्याकडच्या पद्धतीत रेषा २९४ आणि अर्धचित्रे ५०. तोही गुणाकार तेवढाच येतो. सोयीतून निघालेला हा आकडा १९८२ मध्ये सीडीबरोबर बाजारात आला आणि पक्का झाला.

भाचाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने पुढचा मुद्दा काढला तो चाळणीचा. मर्यादेपेक्षा जलद कंप आत शिरले तर ते भलत्याच सुराचे रूप घेऊन बाहेर येतात. जुन्या चित्रपटांत टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. म्हणून मोजण्याआधी वरचे कंप गाळावे लागतात. वीस हजारांपर्यंतचे सगळे ठेवायचे आणि बावीस हजारांच्या पुढचे सगळे अडवायचे, म्हणजे चाळणी फार बारकाईची हवी. पहिल्या पिढीतल्या यंत्रांना हे जड जाई आणि त्यांच्या आवाजाबद्दल तक्रारीही होत. मुद्दा खरा, पण तो त्या पिढीचा. आजची यंत्रे आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा मोजतात, मग गणिताने चाळतात आणि आपल्याला हवा तेवढाच आकडा हाती देतात. पंचवीस रुपयांच्या चाळणीवरचा आक्षेप पिठाच्या गिरणीला लावण्यात अर्थ नाही.

उरला कान. त्याचीही परीक्षा झाली. भाच्याने हेडफोनमध्ये चढत्या कंपांचा एकसुरी नाद लावला. दहा हजारांपर्यंत मला स्वच्छ ऐकू आले. अकरा हजारांच्या पुढे शांतता. जून महिन्यात शाळेत नववीच्या वर्गात मी हाच प्रयोग केला. मुलांचे हात पंधरा-सोळा हजारांपर्यंत वर होते. मुलांना ऐकू येतो आणि मुख्याध्यापकांना येत नाही असा आवाज जगात आहे, हे कळल्यावर त्या वर्गाला झालेला आनंद मी विसरणार नाही. वय वाढते तसा कान वरून मिटत येतो. हा निसर्गनियम आहे. पाऊण लाख खर्चून तो बदलत नाही.

याचा अर्थ, कसेही मुद्रण केले तरी चालते, असा कोणी काढू नये. मर्यादेच्या खाली जे जाते ते खरोखरच जाते. दूरध्वनीची जुनी पद्धत सेकंदाला ८,००० मोजमापांची. तीत साडेतीन हजारांच्या वरचे काही उरत नाही. म्हणून फोनवर ‘सावंत’ म्हटले की पलीकडचा ‘फावंत’ ऐकतो. आपल्या स या वर्णाचा जीव बराचसा पाच हजारांच्या पुढे असतो. तानपुऱ्याच्या जवारीचेही तसेच. मिरजेचा कारागीर घोडीवर सूत सरकवून तार बोलती करतो, तेव्हा मूळ स्वराच्या वर उपस्वरांचा जो झरा उसळतो तो फोनमध्ये आटून जातो. मध्यम लहरींवरच्या रेडिओतही वरचे फारसे येत नसे. आमच्या पिढीने मात्र आकाशवाणीच्या धारवाड आणि सांगली केंद्रांवरून याच लहरींवर गाणे ऐकले आणि याच लहरींवर डोळे पुसले. गंगूबाईंच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, वरून खरखर, तानपुरा नावालाच. तरी पहिल्या षड्जाला माणूस हातातले काम ठेवतो.

त्या तबकड्यांतला गंगूबाईंचा आवाज बारीक आणि गोड आहे. पुढे गळ्यावर उपचार झाले आणि तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. जगाने ज्या आवाजाला गंगूबाई म्हणून ओळखले तो हा दुसरा. आक्काला हे ठाऊक होते. तारीख पडल्यापासून ती हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्हाला धीर द्यायला की स्वतःला, हे मी विचारले नाही.

असो. प्रश्नाचा निकाल तर्काने लागला तरी प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांचे काय? तेही तपासलेले आहे. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचे मुद्रण एकदा सरळ आणि एकदा मध्ये सीडीच्या मापाची अडचण घालून ऐकवायचे आणि श्रोत्याने फरक ओळखायचा. ५५४ खेपांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे अठरा प्रयोग एकत्र करून पाहिले. साडेबारा हजारांच्या आसपास खेपा. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ५२ टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे काही तरी अंशमात्र फरक कोणाला तरी, विशेषतः कान तयार केलेल्यांना, जाणवत असावा, असा त्यांचा निष्कर्ष. दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने हे आकडे फिरवतात. मला त्यांतून एवढेच दिसले, की ज्या फरकासाठी साडेबारा हजार खेपा मोजाव्या लागतात तो आमच्या आक्काच्या ओव्यांत प्राण घालणार नाही किंवा काढणारही नाही.

मोठा आकडा सर्वस्वी व्यर्थ, असेही म्हणता येत नाही. आवाज मुद्दाम निम्म्या गतीने, खालच्या सुरात ऐकवायचा असेल, वटवाघळाचा चीत्कार अभ्यासायचा असेल, तर वरचे कंप टिपलेले लागतात. संगणकात आवाजाला मुद्दाम कर्कश करणारी काही साधने असतात. ती चालवताना भलते सूर उत्पन्न होतात आणि तिथे मोठा वेग कामी येतो. स्वतःचा आवाज यंत्रातून फिरून कानात यायला लागणारा विलंबही त्याने थोडा घटतो. जुन्या टेपा जतन करणाऱ्या संग्रहालयांत ९६,००० ची पद्धत रूढ आहे; ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची किमान शिफारस मात्र ४८,००० आणि २४ बिट अशीच आहे. झांजेच्या आवाजात वीस हजारांच्या पुढचे पुष्कळ काही असते. पण ते ऐकायला देवळातल्या वटवाघळांनाच बोलवावे लागेल.

आता खर्चाची बाजू. दोन कानांचे, ४८,००० चे, २४ बिटांचे एक तासाचे मुद्रण सुमारे एक गीगाबाईट जागा खाते. १,९२,००० चे चार गीगाबाईटच्या वर. जागा आज स्वस्त आहे हे खरे. पण प्रत्येक प्रत, प्रत्येक हलवाहलव, प्रत्येक दुरुस्ती चौपट वेळ घेते. आणि आमच्याकडे वेळच नव्हता.

शेवटी ४८,००० आणि २४ बिट ठरले. बिट म्हणजे काय, तर मोजपट्टीवरच्या रेघा. सोळा बिटांच्या पट्टीवर ६५,५३६ रेघा, चोवीस बिटांच्या पट्टीवर पावणेदोन कोटींच्या जवळ. एकेका बिटाने आवाजाच्या लहानमोठेपणाला सुमारे सहा डेसिबलची ऐसपैस जागा मिळते. तयार गाणे ऐकायला सोळा बिट भरपूर. पण गाणे चालू असताना गळा कधी कुजबुजेल आणि कधी उसळेल याचा नेम नसतो. चोवीस बिट असले की काटा तांबड्या रेघेपासून बराच खाली ठेवता येतो आणि हळू आवाजही खरखरीत बुडत नाही. ताक घुसळताना मडके काठोकाठ भरीत नाहीत, त्यातलाच हा शहाणपणा.

नवा लॅपटॉप रद्द झाला. भाचा दिवसभर गप्प होता. आईसाठी काही मोठे करावे असे त्याला वाटत होते आणि मोठे म्हणजे महाग, हे आपणच आपल्या मुलांना शिकवले आहे. संध्याकाळी मी त्याला मागल्या खोलीत नेले आणि टाळी वाजवली. खोलीने ती परत वाजवून दाखवली. चार उघड्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. “ही टाळी एकशे ब्याण्णववर घेतली तर जाईल का?” त्याने मान हलवली आणि माळ्यावर चढला. आमच्याकडे जिला वाकळ म्हणतात तिला तिथे कौदी म्हणतात. आक्काच्या सासूने शिवलेल्या जाड जाड कौद्या निघाल्या. तीन भिंतींवर तीन, एक दारावर, एक खाली. पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती हातातच राहिली. खर्च शून्य रुपये आणि खिळे सोळा.

मग बाहेरचे आवाज. हमरस्त्यावरच्या बसगाड्या, रुळावरची मालगाडी, शेजारचा कुकर, आमचा फ्रिज, पंखा. दिवसा मुद्रण अशक्य. आक्का म्हणाली, “जात्यावर कोण दुपारी बसतं? पहाटे चारला बसू.” मुद्रणाची शास्त्रशुद्ध वेळ आणि ओवीची परंपरेची वेळ एकच निघाली.

तरी पहिल्या दिवशी गाडी अडलीच. माईकसमोर पाटावर बसली की आक्काला ओव्या आठवेनात. पहिली यावी, दुसरी अर्ध्यावर तुटावी. तासाभराने ती वैतागून म्हणाली, “हाताला काम नाही तर तोंडाला येणार कसं?” तेव्हा परसातले जाते धुऊन खोलीत आणले. जात्याखाली घडी घातलेली सतरंजी. रिकामे जाते कर्कश वाजते, म्हणून मुठी-मुठीने नाचणा घातला. खुंट्याला हात लागला, घरघर सुरू झाली आणि ओव्या अशा आल्या की भाच्याला थांबवायचे सुचेना. घरघर मुद्रणात आली. भाच्याने ती गाळायचा विचार केला आणि सोडूनही दिला. ओवीची लय ती घरघरच धरून होती.

बारा पहाटा हे चालले. एकशे चाळीसच्या वर ओव्या, सत्तावीस कानडी पदे. काही ओव्यांत आमच्या गावची नावे, काहींत आईने माहेरच्या वाटेला उद्देशून म्हटलेले बोल. त्यांतल्या किती तरी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. एके पहाटे आक्का एका ओवीपाशी थांबली आणि म्हणाली, “ही आईनं बाबा गेल्यावर जुळवली होती. तू झोपलेला असायचास.” ते वाक्यही मुद्रणात आहे. मी ते काढू दिले नाही.

तेराव्या दिवशी भाच्याने माझी परीक्षा घेतली. शेवटच्या पहाटेची एकच ओवी त्याने मुद्दाम ९६,००० वर घेतली होती. तिची एक प्रत ४४,१०० वर उतरवून त्याने दोन्ही आलटून-पालटून ऐकवल्या. मी उत्तरपत्रिकेसारखा कागद आखला. वीस प्रश्न; माझे नऊ बरोबर. मग मी वाजवले आणि भाच्याने ओळखले, त्याचे अकरा. आक्काला बोलावले तर दोनदा ऐकून ती उठलीच. “दोन्हींत मीच आहे की! पण तुमच्या त्या मोबाईलच्या तानपुऱ्याचा पंचम उतरलाय. काल अभंगाला लावला होतात तेव्हापासून सांगेन म्हणतेय.” भाच्याने तपासले. पंचम खरोखरच किंचित उतरून लावला गेला होता. ज्या खोलीत आम्ही दोघे हजारांचे हिशेब करीत होतो, तिथे तिने एका स्वरातली केसभर चूक धरली. त्या दिवशी अभंग पुन्हा घेतले.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल मला इथे आठवतात. आपल्या बावीस श्रुती आकड्यांत बसवण्याचा ध्यास या निवृत्त अधिकाऱ्याने घेतला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांचे श्रुतींचे आकडे पडताळायला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांच्या मांडणीवर पुढे वादही झाले. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गळा गातो, मग कान ठरवतो आणि आकडा त्यांच्या मागून येतो. आकड्याचा अपमान यात नाही. नायक्विस्टनेही तेच केले. कानाला काय पुरते हे ठरल्यावर किती वेळा मोजायचे ते त्याचे गणित सांगते. आकडा पुढे काढला आणि कान मागे ठेवला की बाजार सुरू होतो.

ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. दोन महिने आक्काचा आवाज नुसता वाऱ्यासारखा होता. हळूहळू बोलणे पूर्ववत झाले. गाणे मात्र काळी चारवरून काळी एकवर उतरले आहे आणि तार षड्जाच्या वर आवाज चढत नाही. ती त्यावर फारसे बोलत नाही. शेजारच्या दोन मुली आता तिच्याकडे ओव्या शिकायला येतात. ती खालच्या पट्टीत सांगते आणि वरची जागा आली की भाच्याला हाक मारून मुद्रण लावायला लावते. मुली ऐकतात आणि उचलतात. एकदा मी तिथे होतो. आक्का स्वतःच्या आवाजातली ती वरची जागा डोळे मिटून ऐकत होती. हात मात्र मांडीवर जाते फिरवल्यासारखा गोल फिरत होता.

भाच्याने ती मुद्रणे तीन ठिकाणी ठेवली आहेत. एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे, एक पुण्याच्या भाचीकडे. आवाज दाबून लहान केलेली प्रत पाठवायला निराळी. मूळ प्रत जशीच्या तशी. प्रत्येक ओवीबरोबर कोणी म्हटली, कोणाकडून आली, कुठल्या गावची, कोणत्या तारखेला घेतली, एवढे चार रकाने भरले आहेत. हे काम मी केले. जनरल रजिस्टर भरण्याची सवय उपयोगी पडली. पन्नास वर्षांनी कोणी हे ऐकले तर सॅम्पल रेट किती होता हे यंत्र आपोआप सांगेल. ही बाई कोण, हे आपण लिहून ठेवले तरच कळेल.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आई, आजी, आत्या, मावशी गाणारी असेल तर एवढेच सुचवतो. माईक असला तर उत्तम. नसला तर मोबाईल चालेल. ४८,००० ठेवा, जमले तर २४ बिट ठेवा आणि त्यावर पुन्हा विचार करू नका. पंखा आणि फ्रिज बंद करा, भिंतीला वाकळ लावा, मोबाईल तोंडापासून दीड वीत अंतरावर स्थिर ठेवा. ओवी असेल तर हाताशी जाते द्या, अंगाई असेल तर मांडीवर मूल द्या. आणि हे येत्या रविवारीच करा.